काठावरून ओढलेली दोरी

माकणीच्या धरणात बुडालेली, वाळू उपसायची लोखंडी बोट माझ्या मित्राच्या डोक्यात बसली होती. बुडालेल्या जहाजात उतरायचं शिक्षण आम्ही दोघांनी समुद्रावर एकत्रच घेतलं होतं. हवेच्या टाक्या, दोन-दोन बॅटऱ्या, चाकू असा सगळा संसार घेऊन तो सोलापूरहून आला. काठावर सोबत म्हणून माझे वडील.

शिक्षणात एक गोष्ट घोटून घेतली होती. आत शिरताना दोरी बाहेर पक्की बांधायची आणि उलगडत न्यायची. गाळ उठला की बॅटरी काही कामाची नाही, दोरी चाचपतच बाहेर यायचं. ती माणसाला ओढण्यासाठी नसतेच. बाबांना हे नीट सांगितलं, दोरी बाभळीला बांधली, हिला हात लावू नका म्हणालो. ते व्हय म्हणाले. पण गावात कुणीही विहिरीत मोटर काढायला उतरला की वर दोरावर बाबाच असत. खालून हिसका आला की ओढायचं, हे त्यांच्या हातांना डोक्याआधी कळतं.

मित्र केबिनमध्ये शिरला, मी दाराशी थांबलो. आत त्याचा पाय दोरीत अडकला असावा. दोरी हिसकली आणि लगेच काठाकडून ताणली गेली. दाराच्या गंजक्या कडेवर ती माझ्यासमोर तुटली. गाळ इतका उठला की स्वतःचा हात दिसेना. मी चाकूच्या मुठीनं लोखंड ठोकत राहिलो, आवाजावर तरी येईल म्हणून. दोरीशिवाय आत शिरलो असतो तर दोघंही तिथंच राहिलो असतो. हवा संपत आली तेव्हा वर आलो, आणि बाबांचा असा संताप आला होता की रडायचंही सुचेना. ते तुटकी दोरी घट्ट धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. बाबा त्याच्या आईला म्हणाले, "हिसका बसला की म्या लगेच ओढली, ताई. जरा बी उशीर केला न्हाय." त्या बाईनं रडत त्यांचे दोन्ही हात धरले. मला ते बघवेना.

घर आल्यावर दारात थांबून बाबांनी विचारलं, "खरं सांग, आनखी जोर लावाया पायजे व्हता का?"

"न्हाय बाबा," मी म्हणालो. "तुमी ओढली ते बरं केलं."