दुसरा हात

बारामतीहून जळोचीकडे निघालं की नव्या प्लॉटिंगच्या मागे पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. भटकी, जखमी, कुणीतरी गाडीतून ढकलून दिलेली कुत्री तिथे आणतात, बरी करतात आणि त्यातली हुशार निघतील त्यांना शिकवून राखणीला देतात. बोर्डावर संस्थेचं नाव इंग्रजीत आहे, पण आजूबाजूला कुणालाही विचारा, 'कुत्र्यांची शाळा' असंच सांगतील. शाळेचे फोटो छापून येतात तेव्हा त्यात सर असतात, पट्टा घातलेली कुत्री असतात. भागुबाई मात्र कुठल्याच फोटोत सापडायची नाही. ती मागच्या शेडमध्ये चुलाणापाशी उभी असते, भात आणि कोंबडीचे पाय घातलेलं भलंमोठं पातेलं ढवळत.

भागुबाई साठीची, जळोचीचीच. मुलगा बुद्धघोष पुण्यात बँकेत आहे. तो म्हणतो, आई, आता बस कर. ही म्हणते, बसून करू काय, भिंती मोजू?

चिलाप्या आला तो भिगवणहून. हायवेच्या कडेला मासळीच्या हॉटेलांमागे, फेकलेल्या चिलापीच्या डोक्यांवर वाढलेलं हे बेणं; कुठल्याशा ट्रकने मागचा पाय चिरडला होता. तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी भागुबाई पिंजऱ्यात शिरून खाली मांडी घालून बसली आणि एकेक घास करून भरवत राहिली. त्या दिवसापासून तो तिचा झाला. पाय जरा तिरका राहिला, पण नाक आणि कान असे, की शिकवणाऱ्या सुयशसरांनी महिनाभरात त्याला राखणीसाठी निवडला.

गिऱ्हाईकही ठरलं. सणसरचे सर्जेराव तात्या, डाळिंबाच्या बागेत एकटेच राहणारे. त्यांचं आधीचं कुत्रं चोरांनी विषाचं मटण टाकून मारलं होतं. असं होऊ नये म्हणून शाळेचा नियमच होता: राखणीच्या कुत्र्याने परक्याच्या हातचं खायचं नाही. एक हात मालकाचा, दुसरा घरातल्या कुणाचा. या दोन हातांखेरीज सगळं विष.

शिकवायची रीत साधी. परक्या माणसाने कडुनिंबाचा रस लावलेला भाकरीचा तुकडा पुढे करायचा. कुत्र्याने तोंड फिरवलं की त्याला शाबासकी. चिलाप्या पंधरा दिवसांत तयार झाला. गडी, पाहुणे, डॉक्टर, कुणीही हात पुढे केला तरी हा आपला दुसरीकडे बघायचा. अडलं एका हातापाशी. सुयशसर मागच्या शेडमध्ये आले.

"मावशी, आता तुम्हीच शिकवायचं."

"काय?"

"तुमच्या हातचं सोडायला. तुमचंही नाकारलं की मग तो जगात कुणाचंच घेणार नाही."

भागुबाईचा हात पातेल्यात तसाच थांबला. "माझ्या हातचं खाऊ नगं, हे आता मीच शिकवू व्हय कुत्र्याला?"

सुयशसर हसले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना माहीतच नव्हतं. या कामाआधी भागुबाई एका गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पहिल्याच आठवड्यात निम्मी पोरं घरून डबे आणू लागली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. घरच्यांनी पोरांना नुसतं बजावून ठेवलं होतं, तिच्या हातचं खायचं नाही. आपण बाबासाहेबांची माणसं, मान खाली घालायची नाही, हे तिला बापाने शिकवलं होतं. पण भरलेलं पातेलं रोज तसंच परत घासायला कुणी शिकवलं नव्हतं. दोन महिन्यांनी तिने काम सोडलं. ज्यांनी पोरांना बजावलं ते आजही गावच्या पंगतीत सगळ्यांच्या पुढे बसतात, हे वेगळं सांगायला नको. कुत्र्यांच्या शाळेत पहिल्या दिवशी चाळीस तोंडं तिच्या पातेल्यावर तुटून पडली, तेव्हा ती पदर तोंडात धरून रडली होती.

"न्हाय शिकवलं तर?" तिने विचारलं.

"तर तो इथेच राहील, पिंजऱ्यात. जन्मभर."

मग ती तयार झाली. बागेत मोकळा हिंडेल म्हणून झाली.

पहिले नऊ दिवस चिलाप्याने तिच्या हातचा तो कडूजहर तुकडा खाल्ला. तोंड वाकडं करायचा, डोळे मिटायचा, आणि शेपूट हलवत गिळायचा. त्या दिवसांत भागुबाई घरी गेल्यावर जेवत नसे. दहाव्या दिवशी त्याने तुकडा हुंगला, तिच्याकडे पाहिलं आणि हळूच तोंड फिरवलं. शाबासकीही तिनेच द्यायची होती, कारण त्याला तिच्याच शाबासकीची पडली होती. तिने डोक्यावर हात ठेवून "शाबास" म्हटलं. त्याला वाटलं, बाईला हेच आवडतं. पुढे परीक्षेच्या दिवशी तिने तळलेली चिलापी समोर धरली तरी तो ढिम्म हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागुबाई तडक मोरीकडे गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

सर्जेराव तात्यांनी आठ दिवस येऊन चिलाप्याला आपल्या हाताची सवय लावली. न्यायच्या दिवशी सुयशसर फॉर्म भरत होते.

"तात्या, दुसरा हात कुणाचा?"

"पोरगं पुण्यात हाय. येतो म्हणालाय रविवारी."

असे चार रविवार गेले होते. भागुबाई चहा घेऊन दारात उभी होती. माझा लिवा की, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. पण ज्या बाईने आपला हात आपणहून पुढे करायचा नाही असा कानाला खडा लावलेला, तिच्या तोंडून असले शब्द इतक्या सहजी निघतात होय? तिने कप तात्यांपुढे ठेवला. तात्यांनी तिच्या हातचा चहा फुंकर मारत घेतला, वर आणखी अर्धा कप मागून घेतला. चिलाप्या त्यांच्या पायाशी बसून होता. फॉर्ममधला तो रकाना कोराच राहिला.

दीड वर्ष बरं गेलं. मग मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तात्या बागेतच छातीत कळ येऊन गेले. चिलाप्या त्या जागेवरून उठेना. पोरगा आला, शेजारी आले, कुणी दूध ठेवलं, कुणी मटण. पाच दिवस त्याने कशाला तोंड लावलं नाही. सहाव्या दिवशी सुयशसर टेम्पो घेऊन गेले आणि त्याला शाळेत घेऊन आले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "पोटात काही गेलं तर आशा आहे. पण जबरदस्तीने घातलेलं ओकून टाकतोय. त्याचं त्याने खायला हवं."

"माझ्याच हातचं खायचा की पयला," भागुबाई म्हणाली. "माझं खाईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी चिलाप्या गेला. पण सांगायचं ते आदल्या सकाळचं.

भागुबाईने मऊ भात शिजवला, त्यात कोंबडीचं पाणी घातलं आणि पिंजऱ्यात मांडी घालून बसली. त्याने ओळखलं. सरपटत येऊन तिच्या पावलावर डोकं ठेवलं. तिने आधी त्याच्यादेखत एक घास स्वतः खाल्ला, मग दुसरा त्याच्यापुढे धरला.

"खा रं माझ्या राजा. आता खाल्लं तरी चालतंय. मीच सांगतीय न्हवं? चुकलं माझं. खा."

त्याने घास हुंगला. तोंडाला पाणी सुटून लाळ तिच्या मनगटावर गळली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच तोंड फिरवलं. मग पुन्हा डोळे तिच्याकडे वळवले, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि तो वाट पाहत राहिला.

भागुबाईचा हात कितीतरी वेळ तसाच पुढे होता. सुयशसर दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. चिलाप्या अजून तिच्याकडेच बघत होता. शेवटी तिने घास ताटलीत टाकला, हात पदराला पुसला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "शाबास."