एकाच जिगची तीन नावं

मंडळी, आज जाम वैताग आलाय.

महिनाभर इथल्या टॅम्पिनीस भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी व्हायोलिनवर एक आयरिश जिग घोटली. नाचाची छोटीशी धून, पण घरचे कंटाळेपर्यंत घोटली. आज दुपारी मुलीला घेऊन इथल्या आयरिश वादकांच्या बैठकीला गेलो आणि ऐटीत जिगचं नाव सांगितलं. कुणालाच माहीत नाही! मग ते वाजवत राहिले आणि मी व्हायोलिन मांडीवर घेऊन तासभर नुसता बसलो.

निघताना मुलगी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "बाबा, तुझी ट्यून त्यांनी वाजवली, लाह! तू का नाही वाजवलीस?"

मी तिथल्या एका आयरिश आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गावात हिचं नाव वेगळं, शेजारच्या गावात तिसरंच. सूरही थोडे बदलतात, म्हणून तुला ओळखू आली नसेल."

"मग बरोबर कुठली?"

"ज्यांच्यासोबत बसलायस, त्यांची."

घरी येताना एमआरटी ट्रेनमध्ये चडफडत होतो. एक नाव ठरवायला काय होतं यांना?

आणि आठवलं. गेल्या गणपतीत आमच्या ब्लॉकमधल्या नागपूरच्या वहिनींना मी भर आरतीत थांबवलं होतं, "अहो, चाल चुकतेय तुमची." त्यानंतर विसर्जनापर्यंत त्या नुसत्या टाळ्या वाजवत उभ्या होत्या.

आता वहिनींना काय मेसेज करू, सांगा.