कवायतसरांचे पाय

माझ्या सासऱ्यांना चालता येत नव्हतं, पण सायकल येत होती. खोटं वाटतं ना? आमच्या पूर्णा गावातल्या निम्म्या लोकांनाही वाटायचं. ज्या माणसाला घरातून ओट्यापर्यंत धरून आणावं लागायचं, तोच माणूस एकदा सीटवर बसवून दिला की स्टेशनच्या रस्त्याने सुसाट सुटायचा. फक्त उतरता यायचं नाही. मग शाळेच्या मैदानाला चकरा मारत राहायचे आणि दिसेल त्याला ओरडायचे, "ए, धर रे मला!" एकदा कुणीच भेटलं नाही, तर थेट कडब्याच्या गंजीत घुसले. अंगावरचा कडबा झटकत म्हणाले, "जागा चांगली हाय थांबायला."

गावात त्यांना कवायतसर म्हणत. जन्मभर पोरांना कवायत शिकवली. 'तेज चल'च्या एका हुकमावर अख्ख्या शाळेचे पाय उचलायचे, आणि आता स्वतःचे दोन उचलेनात. ते पायांना वर्गातल्या पोरांसारखं झापायचे. "उजवा, तू बरा हायेस. डाव्या, तू मागल्या बाकावरचा! बापाला बोलवून आण!" आम्ही हसायचो, तेही हसायचे.

दुखणं कंपवाताचं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामंजींनी एकच विचारलं, "डोकंबी ऐकंना होईल का?" डॉक्टर माणूस सरळ. म्हणाले, "होऊ शकतं. विचार मंदावतो, नावं पटकन आठवत नाहीत. गोळ्या घ्या, आणि रोज दम लागेल एवढं अंग हलवा. पायांना चांगलं, डोक्यालाही चांगलं." हात थरथरतो म्हणून चहा सांडला तरी थट्टा करणारे मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याला कारण होतं. आमच्याकडे लग्नात अक्षतांच्या आधी मानाच्या पाहुण्यांना माईकवर नाव पुकारून फेटा बांधतात. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, यावर सोयरिकी टिकतात. एखादं राहिलं तर तो पाहुणा न जेवता गाडी जुंपतो आणि पुढची दहा वर्षं तेच उगाळतो. हा माईक पंचक्रोशीत मामंजींचा, आणि हातात कागद कधीच नाही. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं, लताचं लग्न ठरलं. माझे मिस्टर म्हणाले, "बाबा, या वेळी नावं दुसरं कुणीतरी पुकारंल."

"माझ्या लेकीच्या लग्नात म्या खाली बसू?" एवढंच बोलले. पण आवाज असा होता की मला चुलीपुढे भरून आलं.

मग सायकल सुरू झाली. पहाटे मी आणि मिस्टर त्यांना सीटवर बसवून ढकलून द्यायचो. निघण्याआधी नावांची परीक्षा घेतली तर स्वतःच्या लेकाला बैलाच्या नावाने हाक मारायचे. मला त्यात फार मोठी चूक वाटायची नाही. पण घामाघूम होऊन आले की मात्र नावं घडाघडा! नुसती नावं नव्हे, तर कोणते मामा कुठल्या लग्नात वरणावर तूप कमी पडलं म्हणून रुसले, तेही. "दम लागला की डोक्याचं दार उघडतंय, सूनबाई," असं म्हणायचे.

डोक्याचं उघडायचं, घराचं नाही. दारात आले की पाय उंबऱ्याला चिकटायचे. एकदा असेच स्वयंपाकघराच्या दारात अडकले. तव्यावर भाकरी जळत होती, माझे हात पिठाचे, डोकं तापलेलं. मी खेकसले, "मामंजी, तेज चल!"

आणि पाय उचलले की हो! टकाटका चालत येऊन पाटावर बसले.

सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं. "अगं बया! सासऱ्याला हुकूम सोडायलीस?"

"सोडू दे," मामंजी म्हणाले. "आवाज खणखणीत हाय तिचा. फकस्त 'तेज' लांबवायचं गं, 'चल' तोडायचं."

सासूबाईंनी अट घातली, "घरात म्हण. चारचौघांत तोंडातून निघालं तर बघ!"

लग्नाच्या दिवशी पाहुणे दारात आणि कवायतसर सायकलवर. मिस्टरांचा नुसता संताप. मामंजी घामाने निथळत आले, अंगरखा बदलला, डोक्याला फेटा बांधून घेतला. दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. आवाज बारीक झाला होता, पण नावं एकामागून एक यायला लागली. मी फेट्यांचं ताट घेऊन मागे उभी. मध्येच ते थांबले. मिस्टर उठायला लागले, तसे मामंजी म्हणाले, "आठवंना असं न्हाई. गेल्या लग्नात यांनी दोन फेटे नेले, म्हणून इचार करायलोय!" मांडव हसून लोळला, आणि ते पाहुणे मान खाली घालून तिसरा घेऊन गेले.

ताट रिकामं झालं. मी वळले, तोच माईकवर आलं, "आजून एक ऱ्हायलं. शकुंतला दत्तराव वाघ, मुक्काम पोखर्णी."

मी इकडे तिकडे बघायला लागले. मग कळलं, ती मीच. लग्न झाल्यापासून मी सूनबाई होते, वहिनी होते, बंटीची आई होते. हे माहेरचं नाव सासरी कुणी उच्चारलंच नव्हतं. आणि बाईला फेटा कोण बांधतं? मामंजींनी थरथरत्या हातांनी स्वतःचा उतरवला आणि माझ्या डोक्यावरच्या पदरावर ठेवला. मी तिथेच रडायला लागले, लाज सोडून.

मामंजी उतरायला वळले आणि पाय चिकटले. मुहूर्त टळत होता, भटजी हातवारे करत होते. मिस्टर हात धरून ओढायला लागले, त्याने ते आणखीच अडकले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अख्ख्या मांडवासमोर माझ्यावर ओरडल्या, "बघतीस काय? म्हण की!"

फेटा डोळ्यांवर आलेला, नाक वाहतंय, तशी मी माईकवर ओरडले, "मामंजी, तेएएज चल!"

मागल्या बाकावरचा डावा पाय सगळ्यांत आधी उचलला.

त्यानंतर मामंजी काही वर्षं होते. सायकल सुटली आणि हळूहळू नावं जायला लागली. पाहुण्यांची गेली, लेकाचं गेलं, सासूबाईंचंही गेलं. माझं सगळ्यांत शेवटी गेलं.