लेम्पी आणि दारातला बांध

"आता तुझ्याने होणार नाही," असं कोणी म्हटलं की लेम्पी साल्मेलाचे कान लाल व्हायचे. नवरा आर्विद वसंतात गेला आणि तेव्हापासून हे वाक्य तिला इतक्या जणांनी ऐकवलं, की उत्तरेकडच्या बर्फाळ केविनॉच्या थंडीतसुद्धा तिला टोपीची गरज पडू नये.

सगळ्यात पुढे होता तिचा स्वतःचा मुलगा डेल. तो ॲरिझोनात राहायचा, जिथे बर्फ फक्त सरबतात पडतो.

"आई, घर विक आणि इकडे ये," तो फोनवर म्हणाला. "बाबा होते तोवर ठीक होतं. आता हिवाळ्यात वाट कोण साफ करणार?"

"मी."

"त्या ढकलायच्या फावड्याने? सत्तरी ओलांडलीस तू!"

"मग बर्फ उडवायचं यंत्र घेईन."

डेल हसला. ते हसणं तिला असं झोंबलं की तिने तिथल्या तिथे पैज लावली. डेल नाताळाला येणारच होता. तो परत निघेल त्या सकाळी त्याच्या गाडीसाठी रस्त्यापर्यंतची वाट ती मोकळी करून देणार, कोणाचीही मदत न घेता. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर बर्फ वितळताच दारात 'विकणे आहे'ची पाटी.

फोन ठेवून तिने घरभर नजर फिरवली. हे घर आर्विदने स्वतः बांधलं होतं. घरामागच्या सौनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, दर शनिवारी दोघांनी घाम गाळत अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या होत्या. ते सगळं सोडून वाळवंटात जाऊन बसायचं? छे!

पानं गळायला लागली तशी ती गसच्या अवजारांच्या दुकानात गेली. शेजारचा रेइनो न बोलावता बरोबर आला. दोघं एका वर्गात होते. शाळेपासून तो तिला सल्ले देत आला होता आणि तिने आजवर एकही ऐकला नव्हता.

"हे घे, लेम्पे." रेइनोने दुकानातल्या सगळ्यात धिप्पाड यंत्रावर थाप मारली. "माझं हेच आहे. घराची भिंतसुद्धा उडवेल!"

"मला भिंत उडवायची नाही, तिच्या आत राहायचंय."

लेम्पीने पिशवीतून आर्विदचे जाड चामडी हातमोजे काढले आणि घातले.

"लेम्पीबाई, दुकानात थंडी वाजतेय की काय?" गसने विचारलं.

"बाहेर काय उघड्या हाताने बर्फ काढणार आहे मी? जे करायचं ते हातमोज्यांनिशीच करून बघते."

धिप्पाड यंत्राला तिने वळवून पाहिलं. अंगातलं सगळं बळ लावलं, पण ते ढिम्म हललं नाही. "याला वळवायला रेइनोला बोलवावं लागेल," ती म्हणाली, "आणि मग रेइनोला घरी पाठवायला आणखी कोणाला तरी."

दुसरं यंत्र बॅटरीवर चालणारं, अगदी हलकं. डेलने फोनवर याचाच फोटो पाठवला होता. ते एका हाताने सरकलं, आणि खरं सांगायचं तर लेम्पी भुललीच होती. पण मग ती त्याच्या शेजारी उभी राहिली. यंत्राचं तोंड तिच्या जेमतेम नडगीपर्यंत येत होतं.

"गस, माझ्या दारातला बर्फाचा बांध गुडघ्याच्या वर असतो. तिथे हे काय करेल?"

गस प्रामाणिक माणूस होता. "भुसभुशीत बर्फावर झकास चालेल. बांधावर मात्र चढून बसेल."

तिसरं कोपऱ्यात होतं. तोंड गुडघ्याच्या वर. आत दात्यांचा फिरता स्क्रू, तो ढेकळं फोडून मागच्या पंख्याला द्यायचा आणि पंखा ती लांब फेकायचा. मुठीखालचा खटका दाबला की त्या बाजूचं चाक थांबायचं आणि यंत्र जागच्या जागी वळायचं. लेम्पीने हातमोज्यासकट खटका दाबला आणि ते ओळखीच्या गाईसारखं मागे फिरलं. दोरी ओढायचीही कटकट नव्हती. वायर क्षणभर भिंतीतल्या प्लगात खोचली की इंजिन सुरू. तिचा दुखरा उजवा खांदा मनातल्या मनात नाचला.

"हे?" रेइनोने नाक मुरडलं. "हे तर मधलंच आहे."

"मला मधलंच हवंय. टोकाची माणसं खूप बघितली."

नाताळ आला, डेल आला, वेलदोड्याच्या पावाचा फडशा पडला. त्याच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तळ्यावरून वारं सुटलं आणि रात्रभर बर्फ कोसळला. सकाळी डेल स्वयंपाकघरात आला तेव्हा बाहेर वाटेचा मागमूस नव्हता आणि लेम्पी खिडकीशी कॉफी पीत बसली होती.

"आई! अजून सुरुवात नाही?"

"बस. कॉफी घे."

"माझं विमान आहे!"

"माहितीय. पाव घे."

डेलला वाटलं, हिने हातपाय गाळले. त्याला वाईटही वाटलं आणि थोडं हायसंही. पण विमान चुकवून चालणार नव्हतं. त्याने बापाचं जुनं फावडं उचललं, गुडघाभर बर्फातून रस्त्यापर्यंत गेला आणि वाटेचं तोंड मोकळं करू लागला. लेम्पीने त्याला अडवलं नाही. सांगून कळत नाही ते करून कळतं.

डेलने घामाघूम होऊन तोंड मोकळं केलं, कमरेवर हात ठेवून खिडकीकडे अभिमानाने पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच रस्ते साफ करणारी काउंटीची बर्फगाडी आली. घरघरत, दिवे लुकलुकवत ती समोरून गेली आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ तिने आईच्या दारात लोटला. गुडघ्याच्या वर, घट्ट, ढेकळांचा बांध. डेल त्याच्याकडे बघतच राहिला.

लेम्पीने कप विसळून ठेवला. आर्विदचे हातमोजे चढवले.

ॲरिझोनात राहून पोरगा विसरला होता. गावात सगळे बर्फगाडी जाईपर्यंत कॉफी पितात. तिच्या आधी काढलेला बर्फ दोनदा काढावा लागतो.

वाटेवरचा बर्फ यंत्राने सहज उडवला, वाऱ्याच्या दिशेने, कुंपणापलीकडे. मग बांध आला. लेम्पीने वेग कमी केला, अर्ध्याच रुंदीचा घास घेतला, मागे आली, पुन्हा घेतला. स्क्रू करकरला. ढेकळं फुटली आणि पांढरी कमान करून दूर जाऊन पडली. शेवटच्या घासाला पलीकडचा डांबरी रस्ता दिसला आणि लेम्पी मोठ्याने ओरडली, "दिसला!"

डेलने गाडी रस्त्यावर काढली, उतरला आणि आईला घट्ट मिठी मारली. "हरलो मी," तो म्हणाला. "पाटीचं नाव पुन्हा काढणार नाही."

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून रेइनो पाय ओढत आला.

"लेम्पे, माझ्या यंत्राच्या स्क्रूची पिन तुटली गं. बांध एका दमात घ्यायला गेलो." त्याने घसा खाकरला. "माझ्या दारातलं तेवढं..."

"का रे?" लेम्पीने विचारलं. "तुझ्याने होणार नाही?"

डेल गाडीला टेकून पोट धरून हसत सुटला. लेम्पीने खटका दाबला, यंत्र जागच्या जागी वळलं आणि ती रेइनोच्या दाराकडे निघाली. टोपी घरातच राहिली होती.