छतावरचं ठिबक

पुष्पाबाईंच्या खोलीत तीन जागी पाणी गळायचं. जुन्या जळगावातल्या त्या बोळात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त घरमालक अखिलशेठना ते दर वर्षी नव्यानं सांगावं लागायचं.

एकाला एक लागून शेठची तीन घरं होती. सागवानी खांब, त्यावर आडवे सागवानी सरे, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचं धाबं. अखिलशेठचे वडील फुलचंदशेठ होते तोवर मृगाच्या आधी पांढरी माती घेऊन गाढवं यायची, धाब्यावर नवा थर पडायचा आणि पावसाळा बिनघोर जायचा. ते गेले. अखिलशेठ पिंप्राळ्याला बंगला बांधून राहायला गेले आणि गाढवं यायची बंद झाली. त्याला अकरा वर्षं झाली. दोन घरांना कुलपं लागली आणि तिसऱ्याच्या मागच्या खोलीत पुष्पाबाई आणि त्यांचा नवरा चुडामण एवढेच भाडेकरू उरले. चुडामण डाळ मिलमध्ये पोती वाहून वाहून कंबर गमावून बसलेला. घर चालायचं ते पुष्पाबाई उन्हाळाभर लोकांना ज्वारीचे पापडासारखे बिबडे करून द्यायच्या त्यावर.

"तुम्हाला जमत नसेल तर आम्ही टाकतो माती," असंही त्यांनी शेठला सांगून पाहिलं होतं.

"भाडेकरूनं घराला हात लावायचा नाही," शेठ म्हणाले. "आज माती टाकाल, उद्या हक्क सांगाल."

झालं. पुष्पाबाईंचं म्हणणं शेठनी असं धाब्यावर बसवलं आणि धाबं गळत राहिलं. तीन जागी तीन जर्मनची पातेली ठेवायची, भरली की ओतायची, पुन्हा ठेवायची. कोणतं पातेलं कितपत भरलं हे त्या चुलीपुढे बसून नुसत्या आवाजावरून सांगायच्या.

पण या वर्षी गोष्ट वेगळी होती. नरडाण्याला दिलेली त्यांची एकुलती एक लेक दिपमाला पहिल्या खेपेची होती. ज्येष्ठात माहेरी येणार आणि आषाढात बाळंत होणार होती. खाट मावेल असा खोलीत एकच कोपरा, आणि मोठी गळती नेमकी तिथेच. विहीणबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "घर गळतं म्हणे तुमचं. राहू द्या, बाळंतपण आम्ही इथंच करू." पहिलं बाळंतपण, आणि तेही माहेराला जमलं नाही! हे पुष्पाबाईंना जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि दिपमालाला त्याहून जास्त. मृगाच्या आत छत व्हायलाच हवं होतं.

तेवढ्यात मुस्कान आली. ही अखिलशेठची मुलगी. लहानपणी पुष्पाबाईंच्या परातीपाशी बसून बिबड्यांचं गरम पीठ वाटीनं खायची. आता बडोद्याला चित्रकला शिकून, पुण्या-मुंबईचे आठ जण बरोबर घेऊन आलेली. "पुष्पामावशी!" म्हणत तिनं गळ्यात हात टाकले आणि सांगितलं की या तिन्ही घरांत आम्ही एक कलाप्रयोग करणार आहोत. पहिल्या घरात सऱ्यांवरून जुन्या साड्या सोडायच्या, दुसऱ्यात खांबांभोवती नाच, आणि तिसऱ्यात, म्हणजे पुष्पाबाईंच्या खोलीत, गळती.

"गळती?" पुष्पाबाईंनी दोनदा विचारलं.

"घराच्या आठवणी पाझरतात, मावशी. थेंब पडला की एक मुलगी हलेल. पुढचा पडेपर्यंत स्तब्ध."

पण वैशाखात जळगावला पाऊस कुठला? अंगाची लाही होत होती. मग पुण्याच्या एका दाढीवाल्यानं धाब्यावर पाण्याचं पिंप चढवलं आणि केळीच्या बागेत पसरतात तशी ठिबकची नळी पसरली. जळगावात ठिबकला काय तोटा! थेंब सरळ पडेना, म्हणून त्यानं फळीला बोटभर भोक पाडलं. पुष्पाबाई खालून बघत होत्या. ज्या घराला अकरा वर्षं त्यांना हात लावू दिला नव्हता, त्याला हा कालचा माणूस गिरमिट लावत होता, आणि शेठ खाली उभे राहून त्याला शिडी धरत होते.

"कार्यक्रम होऊ द्या," शेठ म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी माती टाकून देतो."

अकरा वर्षांत शेठनी पहिल्यांदा दिवस सांगितला होता. म्हणून पुष्पाबाई कबूल झाल्या. स्वयंपाक शेजारणीच्या ओट्यावर नेला. पातेलीही दिली. कोणतं कुठं ठेवायचं ते दाखवलं, तर मुस्काननं त्याचंसुद्धा चित्रण करून घेतलं.

तीन दिवस बोळात गाड्या मावेनात. लोक चपला काढून, माना खाली घालून आत जायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. सुती साडी नेसलेल्या एका बाईंनी पुष्पाबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "हा थेंबांचा आवाज तुमच्या किती जवळचा असेल, नाही?"

"हो ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "उशाशीच असतो."

बाईंना ते फार आवडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई ओट्यावर मजुरांची वाट बघत बसल्या. मजूर आले नाहीत. शेठ आणि मुस्कान आले, पेढे घेऊन. प्रयोग इतका गाजला होता की ऑगस्टमध्ये तो पुन्हा करायचा होता, आणि या वेळी खऱ्या पावसात. त्यासाठी छत आहे तसंच हवं होतं.

पुष्पाबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आणि माझी दिपमाला?"

"ताईला आमच्याकडे पिंप्राळ्याला ठेवू ना," मुस्कान म्हणाली. "एसी खोली आहे." ती मनापासून म्हणाली, आणि त्यामुळेच पुष्पाबाईंना जास्त चीड आली.

"बेटा, माझी पोर माहेरी येणार आहे. दवाखान्यात नाही."

"एवढा एक पावसाळा काढा, पुष्पाबाई," शेठ म्हणाले. "अकरा काढलेच ना?"

पुष्पाबाईंनी पेढा परत खोक्यात ठेवला. ते "काढलेच ना" दिवसभर त्यांच्या कानात वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवल गाढववाला चार गाढवं घेऊन बोळात शिरला. फुलचंदशेठच्या काळात माती आणायचा तोच. पुष्पाबाईंनी धाब्यावरची नळी गुंडाळून फेकली, पिंप आडवं केलं. भोकावर पत्र्याचा तुकडा, त्यावर कडुलिंबाचा पाला, त्यावर माती. नवल गोणी वर आणून ओतत होता, चुडामण कंबर धरून बसल्या जागी चोपण्यानं चोपत होता आणि पुष्पाबाई पदर खोचून तुडवत होत्या.

नऊ वाजता मुस्कान प्रयोगासाठी लावलेले दिवे न्यायला आली. आवाज ऐकून शिडीनं वर आली, क्षणभर बघत राहिली आणि तिनं मोबाईल काढला. "मावशी, किती सुंदर! थांबू नका हं, असंच तुडवत राहा."

पुष्पाबाई थांबल्या. पुढे झाल्या, तिच्या हातातला मोबाईल घेतला, पाण्यासाठी आणलेल्या रिकाम्या पातेल्यात ठेवला आणि हातात घमेलं दिलं.

"धर. माती दे."

"पण मावशी, ऑगस्टचा शो..."

"तुन्हा शो तुन्हा बंगलामा कर. तठे पाड भोक!"

मुस्कानचं तोंड एवढंसं झालं. तिच्याशी मावशी अशा कधीच बोलल्या नव्हत्या. मग ती वाकली आणि घमेल्यात माती भरू लागली. तिला ते काही धड जमत नव्हतं, निम्मी माती तिच्याच अंगावर सांडत होती. दहाच्या सुमाराला शेठ तणतणत आले. शिडीशी उभं राहून त्यांनी वर पाहिलं, तर लेक केसांपर्यंत पांढरी झालेली. हक्काचं जे काय बोलायला आले होते ते तसंच गिळून ते गाडीत जाऊन बसले.

अकरा वाजता काम संपलं. नवल गाढवं घेऊन गेला. पुष्पाबाई धाब्याच्या कडेला बसल्या आणि त्यांनी नरडाण्याला फोन लावला.

"माय, छत व्हयनं?" दिपमालानं विचारलं.

"व्हयनं. तू ये."

"मंग रडस काबर?"

"रडत नही. राग येस."

"कोन्हा?"

पुष्पाबाईंनी मातीनं भरलेले आपले पाय बघितले.

"मन्हाच. चार गाढवं आनि एक सकाळ. इतलासाठे मी अकरा वरीस इचारत बसनू."