पाच टिकल्यांची खिडकी

पुण्यात खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या माणसांना शहाणपण शिकवणारे पुष्कळ आहेत. पण खुद्द खिडकीला शहाणपण शिकवायला निघालेलं माणूस मी एकच पाहिलं. त्या आमच्या समोरच्या आत्या. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. आमच्या पेठेत दोन इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये जेमतेम एक बोळ. काठीला पिशवी अडकवली की इकडची कोथिंबीर तिकडे जायची. मी पहिल्यापासून बुजरी. जिन्यात कोणी भेटलं तर खाली बघून जाणारी. बोलायची ती फक्त त्या खिडकीतून, आत्यांशी. कारण हातात लाटणं असलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. "अगं समोरचे, मोहरी करपली बरं का!" ही त्यांची हाक आली की माझा दिवस सुरू झाला असं मला वाटायचं.

आत्यांचं आणि खिडक्यांचं वैर जमलं ते काकांमुळे, म्हणजे त्यांच्या यजमानांमुळे. काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा पलंग पश्चिमेच्या खोलीत गेला. दुपार कलली की ती खोली भट्टीसारखी तापायची. काकांना बोलता येत नसे, नुसते खिडकीकडे बघत राहायचे. एसी बसवला, तरी लाकडी खिडक्या जुन्या, वाकलेल्या. गारवा आत टिकेना. "थंड हवा मी विकत घेते आणि रस्त्याला फुकट वाटते," आत्या म्हणाल्या, "एवढं दानशूर आमच्या घराण्यात कोणी झालं नाही." आणि नव्या खिडक्या घ्यायच्या, पण समजून उमजूनच घ्यायच्या, असा त्यांनी पण केला.

समजून घेण्याची त्यांची रीत म्हणजे उदबत्ती. पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने फिरवायची. धूर सरळ वर गेला तर खिडकी गुणी, धूर थरथरला तर तिथे फट. आधी स्वतःच्या घरातल्या फटी झाल्या, मग इमारतीतल्या सगळ्यांच्या. लोक टीव्ही बघत बसलेले असायचे, आत्या उदबत्ती घेऊन आत यायच्या आणि म्हातारी माणसं सवयीने उठून हात जोडायची. खिडक्यांच्या दुकानात तर त्यांनी काचेसमोर उदबत्ती धरली तेव्हा तिथल्या विक्रेत्याने चपला काढल्या, आणि मागून आलेल्या एका जोडप्याने "प्रसाद कुठे आहे?" म्हणून विचारलं. "प्रसाद नंतर. आधी देव पावतो का बघू," आत्या म्हणाल्या. विक्रेता काचेचा रंग दाखवायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं. "रंग राहू दे. ही काच ऊन परत पाठवते की चहा पाजून आत बसवते, तेवढं सांग."

दुकानातून जे शिकून यायच्या ते खिडकीतून मला सांगायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण आत्यांचं सांगणं असं की मलाही समजायचं. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली असते. "तुझी गोधडी ऊब कशी धरते? दोन कापडांच्या मधल्या हवेने. तसंच हे. गोधडी थंडी अडवते, ही झळ अडवते." साधी अ‍ॅल्युमिनियमची चौकट म्हणजे चहात ठेवलेला चमचा, टोकापर्यंत तापणारच. कडेचं रबर नीट नसेल तर महागडी काचही फुकट. आणि पडदा आतून लावण्यापेक्षा ऊन बाहेरच अडवावं, "चोर घरात येऊन चहा प्यायला लागल्यावर कडी लावायची कशाला?" फ्रिजवर वीज वाचवण्याचे तारे असतात, मग खिडकीवर का नसावेत, याचा त्यांना फार राग होता. शेवटी त्यांनी स्वतःच तारे द्यायला घेतले. तारे म्हणजे टिकल्या. उदबत्ती फिरवून झाली की गुणाप्रमाणे काचेवर एक ते पाच टिकल्या चिकटायच्या. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या खिडकीला त्यांनी एकच टिकली दिली, तेव्हापासून मास्तर त्यांच्याशी बोलत नव्हते.

मग एक दिवस मापं घ्यायला माणूस आला. मी पोळ्या करत होते. पश्चिमेच्या खिडक्या मोजून तो आत्यांच्या स्वयंपाकघरात आला, चौकट हलवून म्हणाला, "आजी, ही तर पार गेलीय. दोन काचा बसवू, रबर असं घट्ट लावतो की बाहेरचं काही ऐकूच येणार नाही." माझा हात तिथेच थांबला. आत्या, ही राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण परका माणूस समोर उभा; मी खाली बघून लाटणं फिरवत राहिले. तव्यावरची पोळी करपली.

आत्यांनी उदबत्ती लावली. धूर नुसता नाचत होता. "बघा," तो माणूस म्हणाला.

"बघतेच आहे. पण हिला ऊन कुठून लागणार? समोर ही इमारत भिंतीसारखी उभी. सावलीतल्या खिडकीला दोन काचा म्हणजे वैशाखात स्वेटर. आतलं दार लावलं की इथल्या फटी इथेच राहतात. ही नाही बदलायची." आणि त्यांनी कपाटातून पाकीट आणून त्या मोडक्या खिडकीच्या काचेवर पाचही टिकल्या लावल्या.

तो गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्या, धूर तर एवढा हलत होता. मग पाच कशा?"

"परीक्षक मी आहे," त्या म्हणाल्या. "तू पोळीकडे बघ."

पश्चिमेच्या खिडक्या बसल्या आणि काका दुपारचे शांत झोपायला लागले. नव्या खिडक्यांना मात्र आत्यांनी चारच टिकल्या दिल्या. त्या उन्हाळ्यात काका झोपले की आत्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, आणि आम्ही हळू आवाजात बोलत राहायचो.

आमच्या इमारतींना लिफ्ट नाही. काकांना दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्ची उचलायची. दिवाळीनंतर त्यांची लेक दोघांना आपल्या घरी, वाघोलीला घेऊन गेली. आत्या फोन करतात. मला फोनवर बोलता येत नाही; "हो," "बरं," एवढंच निघतं. मागे म्हणाल्या, "इथल्या खिडक्यांना पाच टिकल्या द्याव्या लागतील, अगदी नाइलाज आहे. धूर सुतासारखा वर जातो. फोडणी कोणाची करपते काही कळत नाही." मी म्हटलं, "हो."

समोरची खिडकी आता बंद असते. चार टिकल्या आहेत, एक पावसाने गेली. परवा माझी मोहरी करपली. मी गॅस बारीक केला आणि तिकडे कान देऊन जराशी उभी राहिले.