पाचवं वल्हं

नूकरत्नम टीचर भागाकार शिकवायला लागल्या की फळ्यावर आधी आकडे मांडत नाहीत, माणसांची नावं लिहायला लावतात. वाटा घेणारे कोण कोण, हे ठरल्याशिवाय त्यांचा खडू पुढे सरकत नाही. नव्या हेडमास्तरांना वाटतं, यात वेळ फुकट जातो. वाटू दे. त्यांच्या ताटात बाकी कधी पडली नसावी.

रत्नमच्या ताटात मात्र लहानपणी तीच पडायची. तिचे वडील पोलय्या गुरप्पाच्या होडीवर होते. एका वादळात इतर चौघं परतले, पोलय्या परतला नाही. गंगालपेटा या त्यांच्या कोळ्यांच्या गावाची रीत अशी की वर्ष होईपर्यंत गेलेल्याची होडीतली जागा रिकामी ठेवायची आणि त्याचं वल्हं रोज सोबत न्यायचं. माशांचीही एक रीत होती. व्यापाऱ्याच्या टोपल्या भरून गेल्या की घरच्या कालवणाचे मासे चौघांत सारखे वाटायचे आणि उरतील ते ताडाच्या पानावर ठेवून पाठ फिरवायची. मग रत्नमची अम्मा पुढे होऊन पान उचलायची. कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही. जेवढी बाकी, तेवढंच कालवण. पुरता भाग गेला की त्या दिवशी नुसती आंबील.

अशा घरातली पोर चौथीत भागाकार शिकायला बसली. भास्करम मास्तरांनी बारा भागिले चार घातलं. रत्नमनं लिहिलं, भागाकार दोन, बाकी चार.

"अगं, चार उरले तर प्रत्येकाला अजून एकेक देता येईल की!" मास्तर म्हणाले.

"येईल, सर. पण देऊन टाकलं तर मागे काय उरणार?"

वर्ग खदाखदा हसला. गुरप्पाचा मुलगा अप्पलराजू ओरडला, "बाकीखाऊ!" ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. रत्नमनं मग गणित असं घोटलं की तिच्याइतक्या चटकन उत्तर सांगणारं वर्गात कोणी राहिलं नाही.

पुढे अपूर्णांक आले. मास्तर भला माणूस, पदरच्या पैशानं गुळाची ढेप आणून त्यांनी ती वर्गात कापून दाखवली. "उरलं म्हणून सोडून द्यायचं नसतं, बाळांनो. त्याचेही सारखे भाग पडतात." गूळ सगळ्यांनी खाल्ला. धडा अप्पलराजूनं घरी नेला.

दुसऱ्या दिवशी गुरप्पा सुरी घेऊनच माशांपुढे बसला. तो काही दुष्ट नव्हता. त्या साली मासळी रोडावली होती आणि त्याच्या घरी खाणारी तोंडं भरपूर.

"ये गं पोरी, तू हुशार म्हणे. अकरा मासे, आम्ही चौघं. सांग."

"दोन-दोन, काका. उरले तीन."

"आणि त्या तीन माशांचं काय?"

अम्मा ताडाचं पान घेऊन पलीकडे उभी होती. काहीतरी ठोकून देता आलं असतं, तिथे कोणाला कळणार होतं? पण खोटं उत्तर रत्नमच्या तोंडून निघेना.

"प्रत्येकी पाऊण."

सुरी चालली. अम्मा रिकामं पान काखेत मारून घरी निघाली.

"उत्तर बरोबर होतं ना?" आंबील वाढताना तिनं विचारलं.

"हो."

"मग रडू नकोस. खोटं सांगून मिळालेलं मला गिळवलं नसतं."

पण आंबीलही तिला गिळवत नव्हती, हे रत्नमला दिसत होतं. आपल्याच तोंडानं आपण अम्माचं ताट पुसलं, या विचारानं तिचा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी होडी लागण्याआधीच ती किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. चौघं उतरले, जाळं उतरलं, वल्ही उतरली. ती बघत राहिली. बघता बघता तिला काहीतरी कळलं.

"दहा मासे," गुरप्पा सुरी उचलत म्हणाला. "आम्ही चौघं. अडीच-अडीच ना गं?"

"चौघं कुठे, काका? वल्ही किती नेलीत?"

गुरप्पाचा हात थांबला. वाळूत वल्ही ओळीनं पडली होती. चार ओली, एक कोरडं.

"पाच," चौघांतला म्हातारा यर्रय्या म्हणाला. "पाच नेली, गुरप्पा. पोर बरोबर बोलतेय."

गुरप्पानं सुरी वाळूत खोचली. मासे त्यानं स्वतःच्या हातानं मांडले, पाचवा वाटा कोरड्या वल्ह्यापाशी. आज कोणी पाठ फिरवली नाही. त्यानं अम्माकडे पाहून हाक मारली, "वहिनी, या. पोलय्याचा वाटा घेऊन जा."

"उरलं किती गं?" यर्रय्यानं विचारलं.

"काही नाही, आजोबा. बाकी शून्य," रत्नम म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.